टाकी वाहतेय, मोटर थांबत नाही: पातळीचा सेन्सर बदलण्याआधी काय तपासायचं

टाकी ओसंडून वाहतेय आणि कंट्रोलरवर (सेन्सरचा सिग्नल घेऊन मोटर चालू-बंद करणाऱ्या डबीवर) अजून ‘अर्धी’चाच दिवा. किंवा उलट: टाकीत खडखडाट, पण कंट्रोलरच्या मते ती काठोकाठ भरलेली, म्हणून मोटर सुरूच होत नाही. सेन्सर बदलला की काही महिने बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं. ही दुरुस्ती मी सारखी करतो, आणि बहुतेक वेळा काढून फेकलेला सेन्सर धडधाकट निघतो. बिघाड असतो त्याच्यावर साचलेल्या थरात, तारेच्या जोडात किंवा सेन्सर बसवलेल्या जागेत. नवा सेन्सरही त्याच जोडाला, त्याच जागी लागतो आणि त्याच वाटेने जातो.

आधी लक्षण नीट ओळखा

सेन्सर कोणत्या बाजूने खोटं बोलतोय हे कळलं की निम्मं काम झालं. ढोबळमानाने पाच प्रकार दिसतात:

- पाणी आहे, पण सेन्सरला ते कळत नाही. वरची टाकी वाहत राहते.
- पाणी नाही, तरी सेन्सर ‘आहे’ म्हणतो. वरच्या टाकीचा सेन्सर असेल तर मोटर सुरू होत नाही. जमिनीखालच्या टाकीचा असेल तर मोटर कोरडी चालते, आणि हे जास्त महाग पडतं, कारण कोरड्या पंपाचं सील लवकर जळतं.
- मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होते, कंट्रोलरमधला रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच) टकटक वाजत राहतो.
- आकडा येतो पण काही सेंटिमीटर चुकतो. दुपारी एक, रात्री दुसरा.
- आकडा गोठलेला. पाणी चढो वा उतरो, पडद्यावर तेच.

पहिली दोन लक्षणं ऐकायला जुळी वाटतात, पण त्यांची कारणं परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात कुठेतरी जोडणी तुटलेली असते, दुसऱ्यात नको तिथे झालेली असते. त्यामुळे ‘सेन्सर बिघडला’ एवढंच सांगून कुणालाही दुरुस्ती विचारू नका.

तुमच्याकडे कोणता सेन्सर आहे?

सळयांचा प्रोब सगळ्यांत साधा. वेगवेगळ्या उंचीच्या स्टीलच्या सळया आणि तळापर्यंत जाणारी एक कॉमन, म्हणजे सगळ्यांना सामाईक सळई. पाण्यात क्षार असल्यामुळे ते थोडी वीज वाहून नेतं, आणि पाणी एखाद्या सळईला टेकलं की तिचं कॉमनशी सर्किट पूर्ण होतं. म्हणूनच डिस्टिल्ड पाणी, तेल किंवा पेट्रोल या प्रोबला ‘दिसत’ नाही.

फ्लोटचे दोन प्रकार. एक केबलला लटकणारा, जो आडवा-उभा झाला की आतला स्विच पलटतो. दुसऱ्यात उभ्या दांड्यावर चुंबकाची कडी वर-खाली सरकते आणि दांड्याच्या पोटातल्या काचेच्या नळीतला रीड स्विच जोडते किंवा सोडते. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीत बहुधा हाच दुसरा प्रकार असतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर वरून आवाजाची लहर सोडतो आणि तिला परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. २० अंश सेल्सिअसला हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दीड मीटरवरच्या पाण्याला टेकून परत यायला त्याला नऊ मिलिसेकंदही लागत नाहीत.

दाबाचा सेन्सर तळाशी बसून वरच्या पाण्याचं वजन मोजतो. पाण्याच्या एका मीटरला ९.८ किलोपास्कल. वॉशिंग मशीनमध्येही हेच तत्त्व असतं, फक्त तिथे टबाच्या तळातून एक बारीक नळी वरच्या स्विचपर्यंत जाते आणि तिच्यात कोंडलेली हवा दाबली जाते. त्या नळीत साबणाचा गाळ बसला की मशीन पाणी घेतच राहतं किंवा घेतच नाही.

कपॅसिटिव्ह सेन्सर प्लॅस्टिकच्या टाकीला बाहेरून चिकटवता येतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विजेच्या क्षेत्रावर किती परिणाम करतो याचं माप) ८० च्या आसपास, हवेचा १, आणि हा फरक तो भिंतीपलीकडून ओळखतो. धातूच्या टाकीला बाहेरून चिकटवला तर काहीच ओळखत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे परत गेलेले सेन्सर कमी नसतील.

तपासणी १: झाकण उघडून स्वतः बघा

फुकटचं काम, आणि हेच सगळे टाळतात. प्रत्यक्ष पातळी आणि कंट्रोलरवरचा दिवा ताडून बघा. दोन्ही जुळत असतील तर सेन्सर खरं बोलतोय आणि दोष पुढे आहे.

उदाहरणार्थ, ‘टाकी भरली’चा दिवा लागलाय, रिले सुटल्याचा आवाज आला, तरी मोटर चालूच. मग एकतर स्विच ‘मॅन्युअल’वर राहिलाय किंवा स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेचे) पॉइंट चिकटलेत. सेन्सर कितीही बदलले तरी हे सुटणार नाही. दुसरी नेहमीची गफलत: मोटर चालते, पण पाणी चढत नाही, आणि थोड्या वेळाने कंट्रोलर ती बंद करतो. इथे फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप) गळून पंपातलं पाणी उतरलेलं असतं किंवा नळीत हवा धरलेली असते. कंट्रोलरने मोटर वाचवली, आणि शिव्या मात्र त्यालाच.

केबल फ्लोट असेल तर झाकण उघडल्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते: तो शिडीत, पाइपात किंवा स्वतःच्याच केबलमध्ये अडकलाय का.

तपासणी २: कंट्रोलरला खोटा सिग्नल द्या

एकच चाचणी करायची असेल तर ही करा. लागतो तो वायरचा एक तुकडा. प्रणालीचे तीन भाग असतात: कंट्रोलर, वायर आणि सेन्सर. दोष कोणत्या भागात आहे हे ठरवल्याशिवाय काहीही साफ करू नका, काहीही विकत आणू नका.

एक अट आधी सांगतो. ही चाचणी फक्त कमी व्होल्टेजच्या सेन्सर टर्मिनलांवर करायची. काही ठिकाणी केबल फ्लोट थेट मोटरच्या मुख्य वीजपुरवठ्यात जोडलेला असतो, मध्ये कंट्रोलर नसतोच. तसं असेल तर हात लावू नका, सरळ शेवटच्या भागाकडे जा. कोणत्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत हे माहितीपुस्तिकेवरून कळत नसेल तरीही तेच.

मुख्य स्विच बंद करा. कंट्रोलरवरून सेन्सरच्या तारा सोडवा, कुठली कुठे होती याचा फोटो काढून ठेवा. आता सळयांच्या प्रोबसाठी कॉमन टर्मिनल बाकीच्या सगळ्या टर्मिनलांना जोडा. सगळ्यांना एकदम अशासाठी, की खालची सळई कोरडी आणि वरची ओली असं चित्र काही कंट्रोलर मान्यच करत नाहीत. वीज द्या. ‘भरली’ असं दिसलं तर कंट्रोलर ठीक. नाही दिसलं तर दोष कंट्रोलरमध्येच, टाकीवर चढायची गरज नाही.

लक्षण उलटं असेल, म्हणजे रिकामी टाकी ‘भरली’ दिसत असेल, तर चाचणीही उलटी. तारा सोडवून टर्मिनलं मोकळी ठेवा आणि वीज द्या. तरीही ‘भरली’ दिसतंय? बोर्ड ओला झालाय, त्यावर मुंग्या-झुरळांनी संसार थाटलाय किंवा तो बिघडलाय. दिवा विझला तर खोटा सिग्नल बाहेरून, वायरीतून किंवा प्रोबमधून येतोय.

कंट्रोलर ठीक निघाला तर तारा परत लावा आणि हीच चाचणी टाकीजवळच्या जोडावर करा, प्रोब सोडवून. तिथेही बरोबर उत्तर आलं तर वायर निर्दोष, उरला प्रोब. नाही आलं तर वायर किंवा मधला एखादा जोड. रीड स्विचच्या फ्लोटलाही हीच पद्धत चालते, फक्त तो पाणी आल्यावर जोडणारा आहे की सोडणारा, हे आधी बघून घ्या.

तपासणी ३: जोड

टाकीजवळ दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली की मी बाकी काही बघायच्या आधी ती सोडतो. आत तांब्यावर हिरवट थर असतो. तो वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे पाणी असूनही सिग्नल पोहोचत नाही. त्याच टेपमध्ये पाणी मुरलं तर ते दोन तारांमध्ये पूल बांधतं आणि टाकी रिकामी असताना ‘भरली’ दिसते. एकच जोड कोरड्या दिवसांत एक लक्षण आणि ओल्या दिवसांत दुसरं लक्षण दाखवू शकतो. पाऊस पडला की बिघडतं आणि ऊन पडलं की आपोआप सुधारतं, असं असेल तर बाकी काही शोधू नका.

खराब तांबं कापून टाका, चकचकीत तार मिळेपर्यंत मागे जा. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (तापवली की तारेवर आवळते ती) किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा. जोड टाकीच्या आत नको. बाहेरच्या डबीत ठेवा आणि वायर डबीत खालून शिरू द्या, शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या. नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत थेट जोडात उतरतं.

मोटर सुरू होण्याच्या क्षणी दिवे फडफडत असतील, तर सेन्सरची वायर मोटरच्या केबलला बांधून एकाच पाइपातून नेलीय का ते बघा. दोन्हींत अंतर ठेवलं की बहुधा तेवढ्यानेच थांबतं.

तपासणी ४: प्रोबची सफाई

जड पाण्यात सळईवर पांढरा कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढतो. तो वीज वाहू देत नाही, म्हणून सळई पाण्यात बुडालेली असूनही कंट्रोलरच्या लेखी कोरडीच. हा झाला टाकी वाहण्याचा प्रकार. शेवाळाचा आणि गाळाचा ओला थर याच्या नेमकं उलट वागतो. सळया ज्या प्लॅस्टिकच्या चकतीत बसवलेल्या असतात तिच्यावर तो पसरला की पाणी उतरल्यावरही दोन सळयांमध्ये ओलसर वाट शिल्लक राहते. लोक सळया घासतात आणि चकती तशीच सोडतात. चकती आधी पुसा.

वीज बंद करून प्रोब टाकीबाहेर काढा. पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणात अर्धा-एक तास ठेवा, प्लॅस्टिकच्या घासणीने पुसा, भरपूर पाण्याने धुवा. तारेची लोखंडी घासणी नको, तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथूनच गंज धरतो. ब्लीचिंग पावडर किंवा कुठलंही ब्लीच या आम्लाजवळही नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

साफ करताना सळयांची जाडी बघा. सगळ्या ठीक आणि एकच खंगत चाललीय, असं असेल तर कंट्रोलर प्रोबला सतत एकाच दिशेचा प्रवाह देतोय. पाण्यातून असा प्रवाह गेला की धन बाजूची सळई विरघळत जाते. चांगले कंट्रोलर म्हणूनच दिशा बदलणारा किंवा अगदी थोड्या वेळापुरता प्रवाह सोडतात. ‘प्रोब वर्षभरही टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तिथे प्रोब बदलत बसू नका, कंट्रोलर बदला.

तपासणी ५: फ्लोट

फ्लोट हातात घेऊन हलवा. केबल फ्लोट कानाजवळ पलटवला की आतल्या स्विचचा किंवा गोळीचा आवाज यायला हवा. पाण्याची खळखळ ऐकू आली किंवा तो जड लागला तर आत पाणी शिरलंय. तो दुरुस्त होत नाही. वीज बंद करून, तारा सोडवून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असेल तर बझर वाजतो त्या खुणेवर) ठेवा आणि फ्लोट वर-खाली करा. एका स्थितीत बझर वाजायला हवा, दुसऱ्यात पूर्ण गप्प. दोन्हीकडे वाजत असेल तर पॉइंट चिकटलेत.

रीड स्विच चिकटण्याचं कारण ठरलेलं असतं: त्यावर थेट कॉन्टॅक्टरची कॉइल किंवा छोटी मोटर लावलेली. काचेच्या नळीतल्या त्या नाजूक पात्या सिग्नलसाठी असतात, भारासाठी नव्हेत. मध्ये रिले घाला. चुंबकाच्या कडीला लोखंडी गंजाचे कण चिकटून ती दांड्यावर अडत असेल तर नुसती धुतली तरी पुरतं. पण धुताना कडी काढलीत तर ती उलटी बसवू नका. बऱ्याच फ्लोटमध्ये कडी उलटली की स्विचची चालू-बंद स्थितीच उलटते, आणि मग साफ केल्यापासून सगळं विपरीत वागतंय अशी नवी तक्रार सुरू होते.

मोटर वारंवार चालू-बंद होत असेल तर केबल फ्लोटची मोकळी लांबी बघा. केबलवर अडकवलेलं वजन आणि फ्लोट यांच्यामधली केबल जितकी आखूड, तितका ‘सुरू’ आणि ‘बंद’ पातळींमधला फरक कमी. थोडी वाढवा, फक्त फ्लोट भिंतीला लागणार नाही इतकीच. सळयांच्या प्रोबवर असंच होत असेल तर पाणी पडताना उठणाऱ्या लाटा हे कारण. प्रोबभोवती एक उभा प्लॅस्टिकचा पाइप बसवा, खाली भोकं पाडा, आणि वरही एक पाडा. वरचं भोक विसरलं की आत हवा कोंडते आणि पाइपातली पातळी टाकीच्या पातळीबरोबर चालतच नाही.

तपासणी ६: अल्ट्रासॉनिक आणि दाबाचे सेन्सर

इथे दोष बहुधा जागेचा असतो. अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या तोंडाजवळचा पट्टा आंधळा असतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये तो साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा. पाणी त्या पट्ट्यात शिरलं की आकडा उड्या मारतो किंवा गोठतो, म्हणजे टाकी भरत आली की नेमका दगा. सेन्सर तेवढा वर उचला. त्याच्या समोर शिडी, आडवा पाइप किंवा पडणाऱ्या पाण्याची धार नको, नाहीतर प्रतिध्वनी तिथूनच परत येतो. तोंडावर वाफेचे थेंब साचले असतील तर मऊ कापडाने पुसा. फेस असलेल्या द्रवावर हा सेन्सर लावूच नये, फेस आवाज गिळतो.

दुपारी चुकतो आणि रात्री बरोबर येतो, याचं कारण तापमान. हवा एक अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो. २० अंशांच्या फरकाला साडेतीन टक्के, दीड मीटरवर पाचेक सेंटिमीटर. तापमानाची दुरुस्ती करणारे सेन्सर मिळतात, पण डोक्यावर थेट ऊन पडलं तर तेही टाकीतली हवा सोडून स्वतःचंच तापमान मोजतात. वर सावली करा.

दाबाच्या सेन्सरला बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरची जोडणी असते. मीटर एकसर, म्हणजे एक तार सोडवून तिच्या मधे लावून, मिलिअँपिअरमध्ये प्रवाह बघा: ४ म्हणजे रिकामी, १२ म्हणजे निम्मी, २० म्हणजे भरलेली. ३.६ च्या खाली असेल तर वायर तुटलीय किंवा सेन्सर मेलाय. शून्य पातळीला मुद्दाम ४ ठेवलेत ते यासाठीच, तुटलेली तार आणि रिकामी टाकी वेगळी ओळखता यावी म्हणून. आकडा हवामानाबरोबर सरकत असेल तर केबलमधली हवेची बारीक नळी तपासा. ती वातावरणाला उघडी असावी लागते. तिच्या तोंडावर टेप लावून किंवा तिथे ओल धरून ती बंद झाली, तर हवेच्या दाबातल्या १० हेक्टोपास्कलच्या फरकाला सुमारे १० सेंटिमीटरची चूक येते. सेन्सरच्या तोंडावरच्या, दाब झेलणाऱ्या पातळ पडद्यावरचा गाळ पाण्याच्या हलक्या धारेने काढा. सुई, काडी, ब्रश काहीही टोचलं की तो पडदा गेला.

आकडा गोठला असेल तर

या लक्षणाला मी सगळ्यांत जास्त भितो, कारण चुकीचा आकडा खटकतो आणि स्थिर आकडा खरा वाटतो. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड इंधनसाठ्यात ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरलं जात असताना नेमकं हेच झालं. पातळीमापक अडकला आणि तोच आकडा दाखवत राहिला. अतिउच्च पातळीला पुरवठा तोडणारा वेगळा स्विच होता, पण त्याचा चाचणीचा दांडा योग्य जागी कुलूपबंद केलेला नसल्यामुळे तोही चालला नाही. टाकी वाहिली, बाष्पाचा ढग पसरला आणि स्फोट झाला. ४० हून अधिक लोक जखमी झाले. तोच मापक त्याआधीही अनेकदा अडकला होता.

पाण्याच्या टाकीत स्फोट होणार नाही, पण रचना तीच घ्या: मोजणारा सेन्सर एक, आणि त्याच्या वर, पूर्णपणे वेगळ्या वायरीवर, मोटर बंद करणारा साधा फ्लोट. दोघांचा प्रकारही वेगळा असू द्या, म्हणजे एकच क्षार किंवा एकच गाळ दोघांना एकदम मारणार नाही. आणि तो वरचा फ्लोट अधूनमधून हाताने उचलून मोटर खरंच थांबते का ते बघा.

कुठे थांबायचं

पुढच्या कोणत्याही स्थितीत मुख्य स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा: टाकीच्या पाण्याला किंवा पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर पुन्हा पुन्हा पडतो, फ्लोट थेट मुख्य विजेवर आहे, कॉन्टॅक्टर गुणगुणतो किंवा जळका वास येतो, स्टार्टर थ्री-फेज आहे. ब्रेकर पडतो म्हणून त्याला बगल देऊन मोटर चालवणं तर अजिबात नको. पाण्यात वीज उतरलीय हे तो सांगत असतो.

प्रोब काढायला बंद टाकीत उतरू नका, टाकी रिकामी असली तरी. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि मदतीला उतरणाराही तिथेच कोसळतो. प्रोब वरच्या झाकणातून निघत नसेल तर बंदिस्त जागेत काम करण्याची साधनं असलेल्या माणसांचं ते काम आहे.

बॉयलर, इंधनाची टाकी, गॅस किंवा रसायनांचं भांडं यांच्या सेन्सरला या लेखातली एकही चाचणी लावू नका. बॉयलरमध्ये पाणी कमी झाल्यावर ज्वाला बंद करणारा प्रोब दोन तारा जोडून ‘फसवला’ तर कोरडा बॉयलर तापत राहतो.

माणूस बोलावलात तर त्याला चार गोष्टी सांगा: पाच लक्षणांपैकी कोणतं, दुसऱ्या तपासणीत कंट्रोलरवर काय दिसलं, टाकीजवळच्या जोडावर काय दिसलं, आणि बिघाड पावसात, उन्हात की मोटर सुरू होताना दिसतो. दुरुस्ती झाल्यावर त्याला लगेच जाऊ देऊ नका. टाकी ‘सुरू’च्या पातळीखाली उतरू द्या, मोटर आपोआप चालू झालेली बघा, मग पाणी वर चढून ती आपोआप बंद झालेली बघा.